बेंगलोर म्हणजे दोन घंटे

मी इंदूर सोडलं त्या सकाळी विमानतळाच्या दाराशी आई रडत होती आणि बाबा घड्याळ बघत होते. बाबा रेल्वेत गार्ड होते. लग्न असो की निरोप, त्यांना आधी गाडीची वेळ दिसते. आईला म्हणाले, "अगं, रडते कशाला? बेंगलोर म्हणजे दोन घंटे. महूला बसने जाऊन यायला एवढाच टाइम लागतो."

पुढे आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यात जो भेटेल त्याला ते हेच ऐकवायचे. रेल्वेच्या माणसाच्या लेखी प्रवास म्हणजे गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंत. आमच्या घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांचा हा हिशोब कधी चुकलाही नव्हता.

जे माझ्यासारखे घर सोडून आलेत, त्यांना खरं ठाऊक आहे. माझ्या बेंगलोरच्या फ्लॅटपासून विमानतळच दोन तास. मग सिक्युरिटीची रांग, उड्डाण, बॅगेची वाट, पुन्हा टॅक्सी. थेट फ्लाइट चुकली तर दिवस गेला. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. त्यांना तो आकडा आवडायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही. फोन ठेवताना मीच म्हणायची, दोन तासांत येते की.

आईला दम लागायला लागला तेव्हा बाबांनी मला आठ दिवस कळवलं नाही. नोकरीतून कशाला हलवायचं, गरज लागली तर दोन घंट्यांत येईल, असं त्यांनी काकूला सांगितलं होतं. नवव्या दिवशी सकाळी दहाला त्यांचा फोन आला, "निघ बेटा." थेट फ्लाइट तोवर गेली होती. मला हैदराबादवरून जावं लागलं.

नंतरचं काकूनं सांगितलं. बारा वाजता आईनं विचारलं, आली का? बाबा म्हणाले, बस, उतरलीच असेल. दोनला तिनं पुन्हा विचारलं, बाबा तेच म्हणाले. तीननंतर तिनं विचारलं नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. ती गेली तेव्हा मी हैदराबादच्या विमानतळावर कॉफीचा कप धरून बसले होते.

आता मी दर महिन्याला जाते. मागच्या खेपेला शेजारी नव्यानं आलेल्या बाईंनी बाबांना विचारलं, बेटी कितनी दूर रहती है? बाबा म्हणाले, "पूरा दिन लगता है." बाई गेल्यावर त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलं, बेटा? मी तिला खोटं बोलत बसलो."

आई नसली तरी घर तिथंच आहे. तिथं मला अजून या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.