थोरली आणि कवडीचं दूध

...नाही गं, साय नंतर. आधी फेस लिही. धारोष्ण दूध म्हणजे काय ते तुम्हा पोरांना ठाऊकच नाही, तुमचं दूध पिशवीतून येतं. कासेतून धार निघते ना, ती तशीच पेल्यात धरायची. वर हा एवढा फेस, खाली गाईच्या अंगाइतकंच कोमट दूध. ना चूल, ना पातेलं. तिथंच गोठ्यात उभ्यानं प्यायचं. आमच्या घरात ते सगळ्यांच्या वाट्याला नाही यायचं हं. ते लाडक्या माणसाला.

आणि घरातली लाडकी कोण, तर माझ्या थोरल्या जाऊबाईंची पोर. तोंडावर आम्ही जाऊबाई म्हणायचो, पाठीमागं सगळे थोरलीच म्हणायचे. तू पण थोरलीच लिही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या अंगणात सहा गाई. गोठ्याची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. भाकरी थापताना पलीकडून शेपटी आपटल्याचा आवाज यायचा. सासरे हिशेब बघायचे, मोठे भाऊजी आणि तुझे आजोबा घरोघर दूध घालायचे, आणि धारा काढायची थोरली. तिचे हात बघितले असतेस! पुरुषासारखे रुंद, आणि मऊ. कुठलीही हट्टी गाय आण, थोरलीनं कासेला हात लावला की पान्हा सोडलाच. मी बसले की तीच गाय लाथ मारायची. थोरली म्हणायची, "धाकटे, तू तिची परीक्षा घेतल्यासारखी बसतेस. शेजारणीशी गप्पा मारायला आल्यासारखी बस."

जिभेची पण तिखट. आमच्या दारात दूध न्यायला एक शिंपी यायचा, फार खवचट. एकदा म्हणाला, "काय हो, तुमची विहीर आटली की दूध दाट होतं म्हणे?" थोरलीनं माप भरता भरता सांगितलं, "हो ना. आणि तुमची कात्री हरवली की सदरे मापात होतात." लोक हसले. तो पण हसला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला. दूध चांगलंच होतं आमचं.

आता उकळण्याचं सांगते, ते महत्त्वाचं आहे. धारा झाल्या की घरापुरतं दूध मोठ्या पातेल्यात चुलीवर चढायचं. का, तर नासू नये म्हणून. बाकी काही आम्हाला माहीत नव्हतं. दूध उतू का जातं सांग बरं? पाणी नाही जात तसं. दुधावर साय धरते, ती झाकणासारखी बसते, खालून वाफ ढकलते, मग सगळंच उचलून बाहेर. म्हणून पातेल्याशी उभं राहायचं. दूध घेणारी माणसंही घरी नेऊन तापवायची. अख्खी आळी तापवायची. कुणी शिकवलं नव्हतं, आपली आई करते म्हणून आपण करायचं.

पण सासरे म्हणायचे, "दूध चुलीवर चढलं की त्यातला जीव जातो." म्हणून पाहुणा, पैलवान, बाळंतीण, अशक्त पोर, यांना धारोष्ण. जीव जातो हे त्यांचं बरोबरच होतं गं. कुणाचा जीव, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

थोरलीला पोर फार उशिरा झाली. आधीची दोन-तीन पोटातच गेली. मग ही. पोर चालायला लागल्यापासून पेला घेऊन गोठ्यात. फेसाची पांढरी मिशी ओठावर घेऊनच दिवसभर फिरायची, म्हणून तिला सगळे मिशीच म्हणायचे. सासूबाई ओरडायच्या, "अगं पुस ते तोंड, मुलगी आहेस का हवालदार?" तर ही छाती काढून हवालदारासारखी चालून दाखवायची. अशी होती.

तिला दूध एकाच गाईचं. कवडी. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके होते. गोठ्यात सगळ्यात दाट दूध तिचं, म्हणून थोरलीनं ती पोरीसाठी राखलेली. मिशी शाळेत जायला लागली त्या वर्षी कवडी खंगायला लागली. खायची, पण अंगी लागेना. आणि खोकायची. गाय खोकते हो! माणसासारखी मान लांब करून, कोरडं कोरडं. थोरली म्हणाली, वैरणीत धूळ आहे. वैरण झटकून घालायला लागली. बरं, दूध तर येत होतं. दूध देणाऱ्या गाईला आजारी कोण म्हणेल?

पुढं मिशीच्या मानेवर गाठ आली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. मग शेजारी दुसरी, तिसरी, एकाला एक चिकटलेल्या. सासूबाईंनी हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "गंडमाळ आहे ही." संध्याकाळ झाली की पोरीचं अंग तापायचं. गाल आत गेले. वेणी घालताना तिची मान माझ्या हातात यायची, पाखराची असावी तशी.

थोरलीनं काय करावं? आईनं काय करावं? पोर वाळतेय, तर तिला ताकद द्यावी. ताकद कशात, तर धारोष्ण दुधात. एक पेला होता तिथं दोन केले. मिशीला जाईना. गोठ्याच्या दारात ओठ घट्ट मिटून उभी राहायची. "आई, पोट भरलं." थोरली खाली बसून म्हणायची, "बरं, दूध नको पिऊस. नुसता फेस खा. फेसानं कुठं पोट भरतं?" मग फेस खाता खाता पोरगी दूधही प्यायची. आईला नाही म्हणणं जमायचं नाही तिला. मी चुलीपाशी उभी राहून ऐकायची, आणि मला वाटायचं, काय माया आहे!

मग डॉक्टरीणबाई आल्या. आमच्याकडूनच दूध घ्यायच्या, नव्यानंच बदली होऊन आलेल्या. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. भाऊजींनी बोलावल्या. त्यांनी मिशीची मान चाचपली, पाठीला नळी लावली आणि विचारलं, "घरात खोकतं कोण?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सासरे म्हणाले, "आमच्या घराण्यात छातीचा रोग नाही हो, डॉक्टरीणबाई."

"घराणं राहू दे. खोकतं कोण?"

तेवढ्यात अंथरुणातून मिशी म्हणाली, "कवडी खोकते."

सगळे हसलो आम्ही. भाऊजी म्हणाले, "अगं येडे, कवडी गाय आहे!" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हिला दूध कुठल्या गाईचं? तापवून की तसंच?" आणि थोरलीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "माझ्या पोरीनं आजवर तापवलेलं दूध तोंडाला लावलेलं नाही."

अजून ऐकू येतं मला ते.

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, गाईला क्षय होतो. तो दुधात उतरतो. डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, दूध नासत नाही, चव बदलत नाही. उकळलं की मरतो, नाही उकळलं की पोटातून मानेच्या गाठीत जाऊन बसतो, तिथून कुठंही. मिशीचा पेला भरून उरलेलं कवडीचं दूध अख्ख्या आळीनं प्यायलं होतं, आम्ही सगळ्यांनी प्यायलं होतं. पण तापवून. पाहुण्यांना धारोष्ण जायचं ते दुसऱ्या गाईंचं. कवडीचं न तापवलेलं फक्त एकीनं.

थोरली ताडकन उठली. "माझ्या गाईला रोगी म्हणता? उद्या दारात एक माणूस येणार नाही." सासऱ्यांनी तर दारच लावून घेतलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली, महिनोन् महिने घ्यायची, आणि जाताना थोरलीचा हात धरून म्हणाल्या, "बाई, माझ्यावर राग धरा. पण आजपासून दूध उकळूनच द्या."

थोरलीनं मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी पेला घेऊन गोठ्यात. लपूनछपून नाही गं, सगळ्यांदेखत. म्हणाली, "त्यांचं औषधही देईन, माझं दूधही देईन. दोन्ही मिळून पोर उठेल." तापवलेलं दूध मिशीला ओकारी आणायचं, सवयच नव्हती सायीच्या वासाची. ओकलेलं बघून थोरलीला वाटायचं, बघा, पोटालाच नको आहे ते. भाऊजी ओरडले तर म्हणाली, "नऊ महिने मी वाढवलीय, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी नाही."

डॉक्टरीणबाईंनीच गुरांचा डॉक्टर धाडला. त्यानं सगळ्या गाईंच्या मानेवरचे केस थोडे कातरले, तिथं सुई टोचली, आणि सांगितलं, दोन-तीन दिवसांनी बघायला येतो. सूज आली तर रोग आहे. पाच गाईंच्या मानेला काही झालं नाही. कवडीच्या मानेला फुगवटा आला.

तो यायच्या आधीच थोरलीनं हात लावून बघितला होता. मी शेणाची पाटी घेऊन दारात होते. तिनं गाईच्या मानेवरची सूज चाचपली.  मग घरात आली, झोपलेल्या मिशीच्या मानेखाली तोच हात घातला.  चुलीवर दूध होतं, उकळी येऊन खाली बसलं होतं. तिनं पुन्हा जाळ घातला, पुन्हा उकळलं, पुन्हा. दूध आटून तळाला लागलं, करपलं, तरी ढवळतच होती. मी पातेलं उतरवलं तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "धाकटे, मी तिला दोन-दोन पेले पाजले गं."

रोगी गाय बाकीच्यांत ठेवायची नाही म्हणून कवडीला न्यायला गाडी आली. ती कुणाला चढवता येईना. शेवटी थोरलीच पुढं झाली, दोर हातात घेतला, आणि गाय तिच्या मागनं चढली. गाडीत उभ्या उभ्या कासेतून दूध ठिबकत होतं. धारेची वेळ झाली होती ना.

मिशी नाही वाचली. औषधं लागू पडायला वेळ लागतो, आणि रोग डोक्यात चढला. आधी डोकं दुखायचं, उजेड नको म्हणायची. मग माणसं ओळखेनाशी झाली. मला "शेजारच्या काकू" म्हणाली. दुपारी गेली. थोरलीच्या मांडीवर. सासूबाईंनी तिचं तोंड पुसलं.

आणि संध्याकाळी गाई हंबरायला लागल्या. कास भरली की जनावराला दुखतं, घरात कोण गेलं ते त्याला काय कळणार? भाऊजी भिंतीला टेकून बसलेले, मला कुठलीच गाय दूध देईना. थोरली उठली. चरवी घेतली, बसली. मी कंदील धरून बाजूला. तिनं हात लावला तशी गाईनं लगेच पान्हा सोडला. तोवर तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तेव्हा गाईच्या पोटाला कपाळ लावून रडली. म्हणत होती, "अजून सोडतात गं पान्हा माझ्या हाताला. अजून सोडतात." धार काही थांबवली नाही तिनं. चरवीत धार, आणि हे रडणं.

लोक म्हणतात, दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं. आमचं पोळलं ते न तापवलेल्या दुधानं. फुंकून काय होणार होतं?

त्यानंतर थोरली जगली खूप. धारा काढत राहिली. फक्त दारात माप घालताना प्रत्येकाला एक वाक्य सांगायची, "उकळून घ्या. उकळी आली की लगेच उतरवू नका." रोजच्या माणसालाही रोज. सासरे चिडायचे, "आपणच आपल्या दुधाला नावं ठेवायची?" काही गिऱ्हाइकं तुटली. पोरं तिला उकळीबाई म्हणायला लागली. त्या शिंप्यानं एकदा चेष्टा केली, "अहो उकळीबाई, पाणी घालता ते उकळूनच घालत जा." थोरली पूर्वी सोडायची नाही. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "उकळा हो, घरी नातू आहे ना तुमच्या." 

डॉक्टरीणबाई पुढं अधूनमधून येऊन ओट्यावर बसायच्या. थोरलीशी फार कुणी बोलत नसे, त्या बोलायच्या. एकदा सांगत होत्या, फार फार पूर्वी मोठ्या माणसांना दूध पचायचंच नाही. लहान मूल तेवढं आईचं पिणार, मोठं झालं की बंद. जनावरं पाळली तरी माणसं दूध तसं पीत नव्हती, आंबवून खायची, दही करून, चीज करून. अजूनही कितीतरी देशांत मोठ्यांना दूध बाधतं. पिढ्या न् पिढ्या गेल्या, तेव्हा कुठं काही लोकांच्या पोटाला सवय झाली. थोरलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या पिढ्यांत ही उकळायची एक गोष्ट कुणी आईला येऊन सांगितली नाही?"  डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसून राहिल्या.

आणि एकदा एक बाई आली, चांगल्या घरची. कडेवर किरकिरं पोर. "याच्या अंगी काही लागत नाही. रोज एक पेला धारोष्ण द्याल का? इथंच पाजून नेईन." थोरली म्हणाली, "नाही." बाई म्हणाली, दुप्पट दाम देते. "नाही." तेव्हा ती चिडली. तिला काय माहीत, नवीन होती. म्हणाली, "स्वतःच्या पोरांना पाजता ना? आम्हालाच नाही?"

मी आतून धावले. पण थोरली शांत होती. म्हणाली, "पाजलं ना. एकच होती. आत या, सांगते." आणि त्या अनोळखी बाईला चुलीपाशी बसवून, मिशीचं नाव घेऊन, पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेल्यांचं, फेसाचं, सगळं. आमच्याशी कधी बोलली नव्हती ती ते. बाई रडत गेली. पोराला कडेवर घट्ट धरून, आणि उकळायचं दूध घेऊन.

बास, इथपर्यंत. आता तुझ्या दादाला परवा फोनवर बोलताना ऐकलं मी. बाळासाठी म्हणे कुठल्याशा शेतावरून काचेच्या बाटलीत दूध आणतो, न तापवलेलं, शुद्ध, महाग. हे सगळं त्याला पाठव. नको, थांब, त्याला नको. तो अर्धं वाचून "हो आजी" म्हणेल. वहिनीला पाठव. आणि फोन करून विचार, वाचलंस का, पातेलं चढवलंस का.