बहुपेडी

एका विशेषणापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायला आलं होतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. गिरणीत साच्यावर उभं आयुष्य घालवलेले बाबा घाटकोपरच्या आमच्या खोलीत दिवसभर भिंतीला टेकून बसत. बोलणंही जवळपास थांबलेलं. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. (घरात कमावणारं कोणी नसताना हाच विषय का, ते विचारू नका.)

अशात ताईला बघायला कुर्ल्याहून मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि ज्यांच्या शब्दाबाहेर ते घर नव्हतं असे त्याचे मामा. मामांना कमी ऐकू यायचं. टेकल्या टेकल्या त्यांनी बाबांना विचारलं, गिरणी कधी सुरू होणार? बाबांनी मान खाली घातली. मला ते बघवेना.

“मामा,” मी म्हणालो, “हा प्रश्न बहुपेडी आहे.”

“कोण वेडी आहे?”

मी आवाज चढवला. “बहुपेडी!”

मामांनी ‘बहू वेडी’ ऐकलं आणि आपल्या बहिणीकडे, म्हणजे मुलाच्या आईकडे, पाहिलं. इथे तरी मी थांबायचं! पण कठीण शब्द वापरला की अर्थ सांगावा, ही आमच्या सरांची शिकवण. मी सांगत सुटलो : दोरीत कसे अनेक पेड एकमेकांत पिळलेले असतात, तसे यात मालक, युनियन, सरकार, एक सोडवायला जावं तर दुसरा आवळतो. मामांपर्यंत ‘दोरी’ आणि ‘आवळतो’ एवढंच पोचलं.

“पोरीला बांधून ठेवता?” त्यांनी आईला विचारलं.

पडद्यामागे ताईला हसू फुटलं. आईने घाईघाईने तिच्या हातात चहाचा ट्रे देऊन तिला बाहेर ढकललं. कपबशा खडखडतायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हसू आवरत नाही, अशी ती समोर उभी राहिली. मंडळी चहा न घेताच उठली.

पाहुणे गेल्यावर ताई हसायची थांबली आणि रडायला लागली. मुलगा तिला आवडला होता. मी समजूत घालायला गेलो तर आई म्हणाली, “तू आता एक अक्षर बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी कित्येक महिन्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला घेऊन कुर्ल्याला गेले. मामांच्या कानाशी वाकून, माझ्याकडे बोट दाखवत मोठ्याने आमच्या मालवणीत म्हणाले, “चेडू माझा शाणा आसा. येडो आसा तो हो झील.” (चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा.)

गिरणी काही उघडली नाही. बाबा पुन्हा भिंतीशी जाऊन बसले, ते शेवटपर्यंत. पण ताईचं लग्न झालं. पंगतीत मामांनी मला मुद्दाम शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि गोळ्या वेळेवर घेतोस ना, असं विचारलं.

समोरून आई बघत होती.

“घेतो,” मी म्हणालो.