खाली ये

आमच्या घरात ‘खाली’ हा शब्द थट्टेचा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील रेल्वेत, भुसावळहून त्यांची बदली जयपूरला झाली. तिथल्या बसमध्ये कंडक्टर आईला म्हणाला, “माताजी, सीट खाली है, बैठो.” आई वाकून सीटच्या खाली बघायला लागली. त्याला सीट रिकामी आहे म्हणायचं होतं. त्यावरून ताईने तिला कायम पिडलं. घरात काही सापडेना झालं की म्हणायची, “आई, सीटखाली बघितलंस का?” पुढे आईला कामापुरती हिंदी आली, पण घाबरली की तिच्या तोंडून मराठीच निघायची.

स्टेशनजवळच्या आमच्या बाजाराला मी रस्ता म्हणणारच नाही. दोन्ही बाजूंना दगडी बरामदे, माणसांनी सावलीतून चालावं म्हणून बांधलेले. त्यांत दुकानदारांनी पिंपं, भट्ट्या, वर लाकडी माळे, काय वाट्टेल ते घुसवलेलं. चालायचं ते उंटगाड्या, टेम्पो आणि उघड्या नाल्याच्या मधून. तिथेच एका टेम्पोने वडिलांचं कंबरडं मोडलं. बायकांना तर कोण कुठे हात लावून जाईल, नेम नव्हता. एकाने चिमटा काढला, तेव्हा ताईने हातातली कात्री त्याच्या मनगटात खुपसली होती. आम्ही दोघी बहिणी तापट, त्यातही मी जरा जास्तच.

ताईचं शिवणाचं दुकान असल्याच एका माळ्यावर होतं. तरी पालिकेने बरामदे मोकळे करून रस्ता सुधारायचं ठरवलं, तेव्हा बाजारात “पाडा” म्हणणारी ती एकटीच. “दुकान काय, कुठेही थाटीन,” ती म्हणायची. “पण बाबांना एकदा या बरामद्यातून पार टोकापर्यंत चालवीन.” दुकानदारांनी तिच्या शिडीला शेण फासलं. मेल्यांना दुसरं येतंय काय?

पाडायला ठेकेदाराची माणसं पोलीस घेऊन सकाळीच आली. दुकानदार लाठ्या घेऊन उभेच होते. कुणीतरी तराजूचं वजन भिरकावलं आणि एका शिपायाचं कपाळ फुटलं. मग काय, दिसेल त्याला झोडपणं सुरू झालं. धक्काबुक्कीत मिठाईवाल्याचा हात उकळत्या कढईत गेला. तो कसा किंचाळला ते मला अजून जेवताना आठवतं. आई समोर रस्त्यावर ताईची बोचकी सांभाळत उभी होती. मी शिलाई मशीन उचलून शिडीवरून उतरले. ताई मागे राहिली, कारण एका नवरीचा पोशाख खुंटीला तसाच लटकत होता.

ठेकेदाराच्या मुकादमाने माळ्याच्या खांबांना दोर बांधून घेतले होते. वर तोंड करून त्याने विचारलं, “ऊपर कोई है क्या?”

तेवढ्यात आईच्या कानाजवळून एक दगड माळ्याकडे गेला. ती जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. “अगं, खाली ये! खाली ये!”

“खाली है,” मुकादम आपल्या माणसांना म्हणाला. “खींचो.”

मी मशीन टाकलं. “रुको” म्हणेपर्यंत खांब निसटले होते. माळा बसला आणि त्याच्या आधाराने टेकलेली दगडी पट्टी त्याच्यावर आली. धूळ खाली बसली तेव्हा त्या पोशाखाची लाल किनार आणि ताईचा एक पाय एवढंच दिसत होतं.

आई खिळ्यांच्या फळ्या नुसत्या हातांनी उपसत होती. तिची बोटं फाटली होती, तिला कळतही नव्हतं. मी ताईचा लोखंडी गज उचलला, कापड मापायचा, आणि मुकादमाच्या डोक्यात घातला. रक्त पुसत तो म्हणाला, “मेरी क्या गलती? माताजी ने ही तो बोला...” आई आमच्यापासून दोन हातांवर होती. त्याचं वाक्य पुरं होऊ नये म्हणून मी दुसरा घाव त्याच्या तोंडावर घातला. त्याचे दात पडले. मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ताई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली.

पुढे बरामदे मोकळे झाले, फरशी आली, नाला झाकला गेला. बायका पोरांचा हात धरून निवांत चालायला लागल्या. रस्ता चांगला झाला, मी कशाला खोटं बोलू? पण त्या चांगलेपणाचा मला संताप यायचा. वडील काठी टेकत एकदाच टोकापर्यंत चालत गेले आणि तिथल्या पायरीवर बसून रडले. त्यानंतर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही.

आई मात्र भाजीला मुद्दाम तिकडूनच जायची. ताईच्या माळ्याच्या जागी आली की थांबायची, वर बघायची, आणि दर वेळी मला तेच विचारायची.

“मी एवढी ओरडले गं. एकालासुद्धा ऐकू गेलं नसेल?”

“गोंगाट किती होता, आई,” मी म्हणायचे आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायचे.