मशीन माही, चालवणार बी मीच

मंडळी, मी तांड्यावरची सुनीता. आज सकाळी फुलसावंगीत माह्या धंद्याचं पहिलं काम होतं. मागच्या महिन्यात मी जुना स्किड स्टिअर घेतला. म्हणजे लहानसा लोडर. मोठी मशीन जात नाही त्या बोळीत शिरतो आणि जागच्या जागी फिरतो.

एका काकांच्या घरामागं पडलेल्या भिंतीचा मलबा उचलायचा होता. गाडीवरून मशीन मीच खाली उतरवली. तरी त्यांनी सोबत आलेल्या माह्या नवऱ्याले विचारलं, "ड्रायव्हर कुठं हाय?"

नवरा म्हणे, "हीच हाय ना ड्रायव्हर. मले तं चालूबी करता येत नाही."

"बाईच्या हातानं घराले धक्का लागला तं? माणूस आणा, नाहीतर मशीन वापस न्या."

पहिलंच काम हातचं जाऊन राह्यलं होतं. पण म्हटलं, "मशीन माही हाय. मी नाही, तं मशीन बी नाही." आणि त्या अरुंद बोळीत, कुठल्याच भिंतीले धक्का न लावता, ती गर्रकन माघारी वळवली.

समोरच्या ओट्यावरून एक आजी पाहून राह्यल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "पोरी, माह्या गोठ्यातलं शेणखत काढून देशीन काय वं?"

दुपारपर्यंत गोठा साफ झाला. काका सारा वेळ दारात उभे. शेवटी म्हणाले, "आता माहंबी करून दे."

"करीन," म्हटलं, "पण आज नाही. आजींच्या शेजारणीनं बोलावलं हाय."

तुमच्या गावात बाई मशीनवर बसली, तर तिले काम सांगाल, का ड्रायव्हर कुठं म्हणून विचाराल?