हॉटप्रेसमधली पुस्तकं

मलिंगारच्या मावशींना एखादं पुस्तक आवडलंय असं मी नऊ वर्षांत ऐकलं नाही. त्या पुस्तक वाचायच्या आणि चिडायच्या. लेखकावर, प्रकाशकावर, मुद्रितं तपासणाऱ्यावर, नायिकेच्या नवऱ्यावर. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख घालायच्या आणि खाली एका ओळीत राग लिहायच्या. ‘ही तिसऱ्या प्रकरणातच घर सोडू शकत होती, उगाच दोनशे पानं.’ गंमत म्हणजे त्याच पुस्तकावर अशा चार चार तारखा आणि चार चार राग असायचे. मीही हे रागातच लिहितोय. त्यांच्यावरचा आणि माझ्यावरचा, दोन्ही राग अजून उतरलेले नाहीत.

मावशी मूळच्या नागपूरच्या. आयर्लंडमध्ये तीस वर्षं रुग्णांना भूल देऊन निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. घर दोन खोल्यांचं आणि सगळी पुस्तकं हॉटप्रेसमध्ये. हॉटप्रेस म्हणजे इथल्या घरांमधलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात लोक टॉवेल आणि चादरी उबदार ठेवतात. इथल्या ओलीने मराठी पुस्तकाचा कागद वर्षभरात बुरसतो, म्हणून मावशींनी टॉवेल बाहेर काढले आणि पुस्तकं आत घातली. त्यांच्या बाथरूममधले टॉवेल कायम दमट असायचे. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाल्या, “मी ओली राहिली तर सुकीन. पुस्तक सुकत नाही.”

डब्लिनपासून मलिंगारपर्यंतची मराठी मंडळी त्यांच्याकडून पुस्तकं न्यायची. नव्या माणसाला पहिलं पुस्तक ठरलेलं असे. एका विसरल्या गेलेल्या लेखिकेची कादंबरी होती ती, मावशींनी मेडिकल कॉलेजच्या होस्टेलमध्ये असताना घेतलेली. पुन्हा कधी छापली गेली नाही. आपलं सगळ्यात जपलेलं पुस्तक अनोळखी माणसाच्या हातात का देता, असं मी विचारलं होतं. माणूस ते कसं परत आणतो त्यावरून पुढचं द्यायचं की नाही ते कळतं, असा त्यांचा हिशेब. मी ते डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या माझ्या घरी जेवताना वाचलं आणि त्यावर आमरस सांडला. ओल्या फडक्याने पुसून, हेअर ड्रायर मारून, काहीच न झाल्यासारखं परत नेऊन दिलं. मावशींनी पुस्तक नाकाशी धरलं. वाचणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे ‘आंबा’ असं लिहिलं आणि दुसरं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

पुढे मी ई-रीडर घेतला. भारतातून येताना बॅगेत पुस्तकं घ्यावीत की भाजणी, हा दरवर्षीचा वाद त्याने मिटवला. मावशी त्याला पाटी म्हणायच्या. मी सोय सांगायला लागलो की त्या हॉटप्रेस उघडून एकेक पुस्तक बाहेर काढायच्या आणि विचारायच्या, हे आहे का तुझ्या पाटीवर? हे? आणि हे? दहातली सात नसायची. “ज्या दिवशी माझी बाई तुझ्या पाटीवर येईल, त्या दिवशी बोल,” असं म्हणून त्या कपाट बंद करायच्या. बाई म्हणजे ती विसरलेली लेखिका. हे मी लक्षात ठेवलं. चुकीचं लक्षात ठेवलं.

भूल देण्याच्या कामात त्यांना एक धडा मिळाला होता आणि तो त्या सगळ्यांना ऐकवत. “इथला पेशंट ग्रँड म्हणाला ना, की समजायचं काहीतरी लपवून राहिला.” ग्रँड म्हणजे इथल्या लोकांचं ‘मस्त, सगळं ठीक’. मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी पुण्याहून आणलेली नवी कादंबरी त्यांना दिली. तीन आठवड्यांनी गेलो आणि कशी वाटली म्हणून विचारलं. मावशी खिडकीकडे बघत म्हणाल्या, “ग्रँड आहे.”

मी त्यांच्याकडून पुस्तक घेतलं. शेवटचं पान उघडून पाहिलं तर ते कोरं होतं. मग हॉटप्रेसमधली बाकीची पुस्तकं पाहिली. दीड वर्षात एकाही पुस्तकावर तारीख नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. कडेचं दिसायचं, मधोमध डाग. ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसला जायचा. डॉक्टर बाई, सगळं कळत असताना दीड वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. पुस्तकं देत राहिल्या, घेत राहिल्या आणि मागचे राग आठवून आठवून नवे रागावत राहिल्या.

भिंगं करून झाली होती. पाटीवर अक्षर बोटाएवढं करता येतं, डागाच्या कडेने वाचता येतं, असं मी सांगत होतो. त्यांचं म्हणणं एकच, जे वाचायचंय ते त्यावर नाही, आणि जे आहे ते वाचायचं नाही. मी चिडलो. संपूर्ण उन्हाळाभर आम्ही यावर भांडलो. त्यांना हवा होता वेळ, मला हवा होता निकाल. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, मला अडचण दिसली की ती सोडवल्याशिवाय झोप लागत नाही, आणि अडचण कुणाची आहे हे विचारायची सवय नाही.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या बाईची ती कादंबरी पिशवीत घालून घेऊन आलो. न सांगता. ऑफिसमधला स्कॅनर सुट्या पानांचाच गठ्ठा घेतो, म्हणून कागद कापायच्या यंत्रात तिची शिवण कापली. दहा मिनिटांत पुस्तक स्कॅन झालं. नवी पाटी आणली, त्यावर ते घातलं, अक्षर मोठं केलं आणि रविवारी सकाळी मलिंगारला जाऊन त्यांच्या हातात ठेवलं. तुमची बाई आली, म्हणालो. खरोखर वाटलं होतं की त्या खूश होतील.

मावशींनी पाटीकडे पाहिलंच नाही. पुस्तक कुठाय, एवढंच विचारलं. मी रबरबँड लावलेला गठ्ठा पुढे केला. त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“तीस वर्षं मी माणसांना झोपवलं,” त्या म्हणाल्या. “कापायच्या आधी हरेकाची सही घेतली.”

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “एका पुस्तकापायी आंधळं राहायचंय का तुम्हाला?”

“जा आता,” मावशी म्हणाल्या. मी गेलो. गाडी काढताना दार बंद झालेलं ऐकलं आणि मनात म्हटलं, गरज त्यांना आहे, त्या फोन करतील. नोव्हेंबर गेला. दिवाळीचा फराळ दरवर्षी त्यांच्याकडे नेत असे, तो यंदा नेला नाही. डिसेंबर गेला. फोन आला तो जानेवारीत, शेजारच्या ब्रीडाचा. मावशी सकाळी खुर्चीतच गेल्या होत्या. हृदय थांबलं. ब्रीडा हळहळून म्हणाली, तुझ्यावर फार चिडलेली होती, पण तुझा नंबर फ्रिजवरून काढू देत नव्हती.

नागपूरहून भाचा आला, सगळं उरकून गेला आणि पुस्तकं तुम्ही न्या म्हणाला. मी खोकी घेऊन गेलो. हॉटप्रेस उघडला. वरच्या फळीवर पाटी होती आणि तिच्याशेजारी रबरबँड लावलेला तो गठ्ठा. शेवटचं पान वर काढून ठेवलेलं होतं. त्यावर पेन्सिलीऐवजी जाड काळ्या पेनाने, एकमेकांवर चढलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक तारीख होती, आमच्या भांडणानंतर नऊ दिवसांची. खाली लिहिलं होतं, ‘पाटीवर वाचलं. ८४, ८५ नाहीत. परत कर.’

त्याखाली डिसेंबरची तारीख. ‘अजून नाहीत.’

मी गठ्ठा सोडला. दोन कागद एकमेकांना चिकटलेले होते आणि स्कॅनरने ते एकच समजून ओढले होते. मधल्या दोन बाजू, ८४ आणि ८५, आतच राहिल्या. नखाने सोडवायला गेलो तर कडेला पिवळा डाग दिसला. नऊ वर्षांपूर्वीचा माझा आमरस, हॉटप्रेसच्या उबेने पुन्हा चिकट झालेला.

एक फोन करायला काय जात होतं तुमचं, मावशी? दिसत नव्हतं, बोलता येत होतं ना. आणि मला तर दिसतही होतं. एक तासाचा रस्ता होता. तीन महिने मी माफीची वाट बघत बसलो आणि त्या दोन पानांची.

तिथेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पानं वाफेवर धरून सोडवली, फोनने दोन्हींचे फोटो काढले आणि फाइलमध्ये जागच्या जागी घातले. अक्षर बोटाएवढं केलं. मग पेन्सिल शोधली, त्यांच्या दोन तारखांखाली तिसरी घातली आणि माझा राग लिहायला घेतला. तो एका ओळीत मावला नाही.