दारात न मावलेले चित्र

मुकुंद तळकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका ट्रकच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. गोव्यातल्या साखळी गावच्या शाळेत चित्रकलेची हंगामी शिक्षिका म्हणून रुजू होण्याचा माझा तो दिवस. फाटकाबाहेर खाणीचा ट्रक उभा होता आणि पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ त्याच्या चाकात अडकलेली लाल माती चमच्याने खरवडून जेवणाच्या डब्यात भरत होते. ट्रकचा चालक सावंतवाडीकडचा. हे वाहतूक खात्याचे साहेब असून तपासणीसाठी नमुना घेत आहेत, असे वाटून तो बिचारा गाडीचे कागद हातात धरून त्यांच्या मागे उभा होता. मला ते ट्रकवरचेच कोणी वाटले. मी त्यांना मुख्याध्यापकांची खोली विचारली. मान वर न करता त्यांनी ती नीट सांगितली, शिवाय जिन्याची तिसरी पायरी मोडलेली आहे, जपून जा, असेही सांगितले.

अर्ध्या तासाने मुख्याध्यापकांनी ‘आमचे ज्येष्ठ कलाशिक्षक’ म्हणून ज्यांच्याशी माझी ओळख करून दिली, ते हेच. डबा टेबलावर होता. मधल्या सुट्टीत इतिहासाच्या शिक्षकांनी लोणचे समजून तो उघडला.

ती माती सर चाळून, डिंकात कालवून कॅनव्हासवर लावत. आज अमूर्त चित्रकार म्हणून त्यांचे नाव गोव्याबाहेर गेले आहे आणि त्यांच्या प्रेरणा कोणत्या, यावर जाणकार पुष्कळ लिहितात. सर स्वतः मात्र समुद्रकाठच्या केरी गावातल्या आपल्या मामांचे नाव घेतात. मामा होड्या रंगवीत. दरवर्षी जुना रंग शिंपल्याने खरवडायचा आणि मग नवा द्यायचा. खरवडताना निळ्याखालून हिरवा, हिरव्याखालून तांबडा, त्याखाली कुणाला आठवतही नाही असा एखादा रंग निघे. सर सांगतात की, होडी नव्याने रंगवून झाली की त्यांना वाईट वाटे. पुढे पणजीला कला महाविद्यालयात त्यांनी माणसे, फुले, देऊळ सारे काही उत्तम काढले, पण मन रमले ते खरवडण्यातच. आजही त्यांच्या हत्यारांत महागड्या सुऱ्यांशेजारी चार-पाच शिंपले असतात. सुऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी असतात.

माझ्यावर त्यांचे एक मोठे ऋण आहे. लग्नानंतर माझे चित्र काढणे थांबले होते. वेळ मिळत नाही, असे मी एकदा शिक्षकखोलीत म्हणाले. सरांनी उपदेश केला नाही. दर सोमवारी पोस्टकार्डाएवढा एक रंगवलेला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवायचा, एवढाच हुकूम केला. “वाईट चालेल,” ते म्हणाले, “नसलेला चालणार नाही.” एका सोमवारी माझ्या मुलाला ताप होता म्हणून मी कोराच कागद ठेवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि मागच्यापेक्षा बरा आहे, असे सांगितले. पुढच्या सोमवारपासून मी रंगवलेलाच ठेवला.

निवृत्तीनंतर सर आपल्या गावी, कोरगावला राहू लागले. शेजारचे काजू बागायतदार बाबल गावकर यांनी आपली बंद पडलेली भाटी त्यांना चित्रे काढायला दिली. भाटी म्हणजे काजूची फेणी गाळण्याची जागा. चिऱ्यांच्या भिंतींची, कौलारू आणि अरुंद दाराची. तेथील सरांचा दिनक्रम आम्हा शिष्यांना पाठ आहे. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की चहा आणि एक उंडो, म्हणजे गोल पाव. नऊ वाजता भाटीत. मग काल काढलेल्या चित्रासमोर खुर्ची टाकून तास-दीड तास नुसते बसणे. एकदा एक पत्रकार आले असता सरांच्या पत्नी सुमनवहिनींनी त्यांना अंगणातच थांबवले. सर कामात आहेत का, असे त्यांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, “नाही, बसलेत. पण तेच काम आहे.”

सर आपल्या चित्रांना नावे देत नाहीत. घरात कोणते चित्र कुठे आहे हे कळावे म्हणून वहिनी चित्रांना नावे ठेवतात, दोन्ही अर्थांनी. ‘करपलेली भाकरी’, ‘सांडलेली कढी’, ‘जावयाची लुंगी’ ही सारी त्यांनी ठेवलेली. पणजीच्या एका कलादालनाने ती चित्रांमागे वहिनींनी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरून तशीच छापली आणि ‘करपलेली भाकरी’मधील भुकेच्या दर्शनावर दोन पाने लेख आला. वहिनींनी तो कापून जपून ठेवला आहे.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पणजीच्या प्रदर्शनासाठी सरांकडे एक मोठे चित्र मागितले गेले. सरांनी लाकडाच्या पट्ट्या एकेक करून भाटीत नेल्या, आतच चौकट ठोकली आणि पाच महिने खपून पुरुषभर उंचीपेक्षा मोठे आणि जवळजवळ तेवढेच रुंद चित्र केले. त्या लाल मातीत एवढी खोली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टेम्पो आला; मदतीला मीही गेले होते. चित्र दारापर्यंत आले आणि तिथेच राहिले.

आडवे करून पाहिले, तिरपे करून पाहिले. गुंडाळावे तर मातीचे थर तडकले असते. कौले उतरावीत तर वासे आडवे येत. पत्रे द्यायला आलेल्या पोस्टमनने प्रदर्शनच इथे भरवावे असे सुचवले. कोणी दार मोजले होते का, असे वहिनींनी हळूच विचारले. पाच महिने आपली दाराकडे पाठ होती, असे सर म्हणाले.

तेवढ्यात बाबलभाऊ पहार घेऊन आले. “मास्तर, भिंत काय, परत बांधूक येता,” ते म्हणाले. “चित्र कापलात तर ता परत जोडूक येवचा नाय.”

सर तयार होईनात. ती भिंत बाबलभाऊंच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी रचलेली होती, आणि तिच्या कोनाड्यात बाबलभाऊ अजून फूल ठेवतात, हे सरांनी रोज पाहिले होते. मी मात्र, लाज वाटते सांगायला, भिंतीच्या विरुद्ध बोलले. सर बराच वेळ चित्रासमोर बसले. मग उठून त्यांनी खडूने उभी रेघ मारली आणि गावच्या सुतारांना करवत आणायला सांगितले. मला चौकट धरायची होती. माझ्या डोळ्यांना धार लागली.

“बाई, नीट धरा,” सर म्हणाले. “रडायचे ते टेम्पो गेल्यावर.”

पणजीला ते दोन तुकडे वीतभर अंतर ठेवून लावले. मुंबईहून आलेल्या एका समीक्षकांनी त्या फटीवर पाव तास भाषण केले. खाणींनी दुभंगलेले डोंगर त्यांना तिथे दिसले. शेवटी त्यांनी सरांना त्यामागचा विचार विचारला. सरांनी सांगितले, “दार लहान होते.” हा विनय समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाबलभाऊ बसने चित्र पाहायला आले. तुकडे जरा जवळ सरकवता येतील का, एवढेच त्यांनी रखवालदाराला विचारले. तो नाही म्हणाला. ते परत गेले.

आठवड्याने सर सकाळी भाटीवर पोचले तर गवंडी दाराशेजारचे चिरे काढत होते. कोनाड्याची बाजू तेवढी शाबूत होती. सर संतापले, त्यांना मी कधी संतापलेले पाहिले नव्हते, वहिनींकडून ऐकले तेवढेच. त्यांनी काम थांबवायला सांगितले. बाबलभाऊंनी त्यांना बोलू दिले.

“माझ्या बापायन मडकी भायर येतीत इतक्या दार ठेवल्यान,” मग ते म्हणाले. “आता हंयसर मडकी नाय, तुमी आसात.”

त्या दिवशी सरांनी कॅनव्हासकडे पाहिलेही नाही. निघालेल्या चिऱ्यांवर दोघे दुपारपर्यंत बसून होते. वहिनींनी दोनदा चहा पाठवला. दुपारनंतर गवंडी पुन्हा कामाला लागले.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, चहातली साखर वहिनींनी बंद केली आहे, आणि शेजाऱ्यांकडे मिळणारी साखर बंद करणे त्यांना अजून जमलेले नाही. साखळी ते केरीपर्यंत पसरलेल्या आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मी इतकेच मागते: सरांची नजर स्वच्छ राहो, हात स्थिर राहोत, आणि हा लेख वाचून मला बोलावून घेऊन तासभर रागावण्याइतकी त्यांची प्रकृती पुढची पंचवीस वर्षे ठणठणीत राहो. मी पहिल्याच बसने कोरगावला येईन.