वस्तादांनी तूप सोडले

मध्यभारत राज्य झाल्यावर दुसऱ्या वर्षी, आषाढातल्या एका सकाळी, मल्हारगंजातल्या तालमीच्या वस्तादांनी तूप सोडले. तसे त्यांनी कोणाला सांगितले नाही. रोजच्यासारखे ते रस्त्याकडच्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, पुढ्यात ताट ठेवले. ताटात ज्वारीची भाकरी, मोडाच्या मुगाची उसळ आणि ताकाचा तांब्या होता. दुपारपर्यंत ही बातमी सराफ्यात पोहोचली होती.

बातमी व्हायला कारण होते. इतर तालमींतले पैलवान खुराक दाराआड घेत, दृष्ट लागू नये म्हणून. वस्ताद तो उघड्यावर घेत. सकाळची मेहनत संपली की पितळी गडवा भरून गरम दूध, त्यावर तरंगणारे तूप, आणि शेजारी बदामाची थंडाई. शाळेला निघालेली मुले थांबून बघत. "बघा, बघा. लपून खाल्लेलं अंगी लागत नाही," असे ते मुलांना सांगत आणि गडवा एका दमात रिकामा करत. आमचे घर समोरच होते, त्यामुळे हे दृश्य मी रोज पाहिले आहे.

त्यांचे वडील संस्थानच्या पागेत जमादार होते. वस्ताद स्वतः दरबारचे पैलवान. त्यांचा खुराक दरबारच्या कोठीतून येत असे. संस्थान विलीन झाले, पागा मोडली, कोठी बंद झाली. वस्तादांचा खुराक मात्र चमचाभरही उतरला नाही. काकींचे माहेर देवासच्या बाजूला होते, तिथून तूप येऊ लागले. गल्लीतल्या लोकांच्या दृष्टीने तो गडवा रोज भरलेला दिसणे म्हणजे तालीम उभी असणे होते. वस्तादांचीही समजूत तीच होती.

अंगाची पारख ते अंगठ्याने करत. पठ्ठा मेहनत करून आला की त्याच्या मांडीत अंगठा रोवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मांस उत्तर देतं, चरबी नुसती हसते," हे त्यांचे वाक्य. सगळ्या पठ्ठ्यांना ते "राजे" म्हणत, आणि सर्वांत जास्त आदराने म्हणत ते ज्याच्यावर रागावलेले असत त्याला.

त्या वर्षी अंगठ्याचा निकाल श्रीपतीपाशी अडला. श्रीपती हा तालमीतला सर्वांत तयार मुलगा. त्याचे वडील संस्थानच्या फौजेत शिपाई होते. फौज मोडल्यावर वर्षभरातच ते गेले. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. एका कापडगिरणीने त्याला शब्द दिला होता की दसऱ्याच्या कुस्तीत गिरणीच्या पैलवानाला चीत केलेस तर कायमची नोकरी. हाच पैलवान त्याला आदल्या नागपंचमीला चीत करून गेला होता. तेव्हापासून श्रीपतीने जोर वाढवले, बैठका वाढवल्या. वस्तादांनी तूप वाढवले, बदाम वाढवले. संध्याकाळी मित्र त्याला सराफ्यात रबडी खाऊ घालत, तीही खुराकात धरली जाई. वजन चढले. ताकद जिथे होती तिथेच राहिली आणि दम पूर्वीपेक्षा लवकर तुटू लागला.

"अंग सरकारी नोकरीला लागलंय राजे," वस्ताद मांडीत रुतलेला अंगठा काढत म्हणाले. "सांगितलं तेवढंच करतं."

"मग अजून तूप घेऊ का वस्ताद?"

"घ्या. नाहीतरी दुसरं काय आहे आपल्याजवळ?"

काकी दारात बदाम सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू का? पागेतला घोडा असा सुस्तावला की मामंजी काय करायचे हो?"

"दाणा कमी करायचे. गवत वाढवायचे. दाण्यावर उभा राहिलेला घोडा खिंकाळतो फार, पळत नाही."

"मग घोड्याला जी अक्कल लावता ती पोराला का नाही लावत?"

वस्ताद म्हणाले, "घोड्याला अब्रू नसते."

"आणि दसऱ्याला हा पुन्हा पाठीवर पडला म्हणजे अब्रू कुठं ठेवणार आहात? गडव्यात?"

दुसऱ्या दिवशी श्रीपतीच्या दुधावर तूप नव्हते.

पागेतला नियम असा की दाणा एकदम तोडायचा नाही; जनावर बुजते. वस्तादांनी तसेच केले. आधी तूप उतरवले, मग दुधातले निम्मे दूध काढून त्या जागी ताक आणले. पुऱ्या गेल्या, ज्वारीची भाकरी आली. मेहनतीनंतर भिजवलेले हरभरे आणि मोडाचे मूग, तेही पोट तुडुंब भरेल इतके नाही. श्रीपतीच्या घरी मटण सणावारीच होत असे. आता आठवड्यातून दोनदा रस्सा शिजवायचा, वरचा तवंग काढून टाकायचा, असे ठरले. रबडी बंद झाली.

यात एक अडचण होती, आणि ती तालमीच्या रिवाजातून आली होती. आमच्याकडे पठ्ठ्याचा खुराक तोडणे ही शिक्षा होती. चोरी केली, वस्तादाला उलट बोलला, बदफैली झाला, तर त्याचे तूप तोडत. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी श्रीपतीची आई पदर डोळ्याला लावून तालमीच्या दारात उभी राहिली.

"वस्तादजी, माझ्या पोरानं असं काय केलं? गल्लीतल्या बायका मला विचारताहेत. खरं काय ते सांगा, तसं काही असलं तर मी त्याला घरात घेणार नाही."

"वहिनी, पोर सोन्यासारखं आहे."

"मग तूप का तोडलं?"

वस्तादांनी घोड्याचे उदाहरण दिले. बाईंना ते पटले नाही. मुलाला जनावराच्या रांगेत बसवल्याचे दुःख तेवढे वाढले. श्रीपतीही खाली मान घालून म्हणाला की ताक प्यायला त्याची ना नाही, पण सगळ्यांसमोर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर त्यांच्यापुढे ते ज्वारीच्या भाकरीचे ताट आले. श्रीपतीला त्यांनी शेजारी बसवून घेतले. दोघांची ताटे सारखी होती. वस्तादाला शिक्षा कोण करणार? तेव्हापासून श्रीपतीच्या आईला बायकांनी काही विचारले नाही.

बोलणी वस्तादांच्या वाट्याला आली. समोरचे धान्याचे व्यापारी शेठजी गादीवरूनच ओरडले, "क्यों वस्तादजी, घी खतम हो गया क्या?"

"घी भोत है शेठजी. भेज दूँ? तुमचं पोट अजून गल्लीत मावतंय."

लोक हसले, पण प्रश्न तसाच राहिला. पानाच्या दुकानावर कोणी म्हणे, "भिया, दरबार गया तो खुराक भी गया." कोणी म्हणे देवासचे तूप बंद झाले. वस्तादांनी यातल्या एकाही गोष्टीचा खुलासा केला नाही. खुलासा केला असता तर श्रीपतीचे नाव घ्यावे लागले असते, आणि तो कच्चा पडल्याचे गिरणीपर्यंत गेले असते. आपल्या पोरांना दणकट खुराक मिळावा म्हणून जे बाप त्यांना या तालमीत घालत, त्यांनी पोरे काढून राजवाड्याच्या बाजूच्या दुसऱ्या आखाड्यात घातली. श्रावण संपेपर्यंत तालमीत मोजकीच मुले उरली.

सुरुवातीला श्रीपती उतरला. गाल बसले. सरावात एका हलक्या मुलाने त्याला खाली घेतले, तेव्हा तो मातीत तसाच बसून राहिला. "वस्ताद, होती तीही ताकद गेली."

"गेली नाही. जागा बदलतेय. उठा राजे."

वस्तादांचेही अंग उतरत होते. त्या वयात ते भरून यायचे नव्हते, हे त्यांना माहीत होते आणि काकींनाही. काकींनी एकदा त्यांच्या भाकरीवर तूप सोडले. त्यांनी ती भाकरी बाजूला ठेवून दुसरी मागितली.

भाद्रपदात एका सकाळी वस्तादांनी अंगठा श्रीपतीच्या मांडीत रोवला आणि तो आत गेला नाही. त्यांनी डोळे उघडून पुन्हा दाबून पाहिला. "काकी," त्यांनी हाक मारली, कारण आम्ही म्हणत असू म्हणून तेही बायकोला तसेच म्हणत, "घोडा उठला." त्या दिवसापासून श्रीपतीच्या ताटात एक भाकरी वाढली आणि जोरांची मेहनत चढत गेली.

दसऱ्याची कुस्ती गिरणीच्या मैदानात झाली. पहिला बराच वेळ दोघांची नुसती मानेवर पकड होती. गिरणीचा पैलवान वजनाने जास्त होता. त्याचा श्वास तोंडाने सुरू झाला तेव्हा कडेला बसलेले वस्ताद म्हणाले, "आता." ते मोठ्याने म्हणाले नव्हते. श्रीपतीने खाली शिरून पाय ओढत पट काढला आणि त्याला पाठीवर आणले. पंचांनी निकाल दिला. नोकरीचा कागद त्याच आठवड्यात त्याच्या घरी आला.

तालमीतून गेलेली मुले परत आली नाहीत. श्रीपतीने गिरणीत सर्वांना खरी हकीकत सांगितली, पण ज्यांनी ती ऐकायला हवी होती ती मंडळी गिरणीत नव्हती. वस्ताद भाकरीवरच राहिले. विचारले तर म्हणत, "आता हे पचतं."

पुढे काही वर्षांनी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाले, त्या हिवाळ्यात तालमीची जागा मालकाने गोदामासाठी मागितली. वस्तादांनी ती सोडली. श्रीपती गिरणीची बैलगाडी घेऊन आला आणि आखाड्यातली तेल-ताकाने मुरलेली माती गिरणीतल्या आखाड्यासाठी भरून घेतली. वस्ताद गाडीत बसायला तयार झाले नाहीत. मागून चालत गेले. गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना ओळखत नव्हता; त्याने नाव विचारले. त्यांनी ते सांगितले. गाडी आत गेल्यावर ते वळले आणि मल्हारगंजाकडे चालू लागले.